सात किलोंची जवारी

“सात किलो चारशे,” कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले महावीरशेठ म्हणाले आणि माझी बॅग त्यांनी काट्यावरून उचलून खाली ठेवली. “नफीसा, चारशे ग्रॅम उतरव.”

मी तिथंच गुळाच्या ढेपांशेजारी बसले आणि चेन उघडली. तळाशी, कपड्यांच्या घडीत, शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी निघाली. मी ती ठेवली नव्हती.

“अम्मी!”

अम्मी दुकानाच्या पायरीवरच उभी होती. “अगं, परक्या मुलखात खाशील काय तू? तिथं सगळ्यात नारळ घालतात म्हणे.”

“मग नारळ खाईन.”

चटणी महावीरशेठच्या गल्ल्यापाशी ठेवली. बॅग पुन्हा काट्यावर गेली. काटा सातवर येऊन थांबला, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मला उगाचच एखादी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मिरजेत आमचा तानपुऱ्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि आढ्याला टांगलेले भोपळे. अब्बांना, म्हणजे दस्तगीरभाईंना, दिल्ली-कोलकात्यापर्यंतचे गवई ओळखायचे ते त्यांच्या जवारीसाठी. तानपुऱ्याच्या तारा ज्या लहानशा लाकडी घोडीवरून जातात, तिची पाठ अशी घासायची की तार तिला धड टेकणार नाही आणि धड सुटणारही नाही. तो बाक जमला तर तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. हीच जवारी. केसाएवढं जास्त घासलं तर घोडी फुकट जाते.

पंधरा दिवसांपूर्वी अब्बा मोरीत घसरले आणि उजवं मनगट मोडलं. त्याच आठवड्यात कोलंबोहून कुसुमाजींचा फोन आला. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याकडून चार तानपुरे नेले होते. त्यांच्या गायनशाळेला चाळीस वर्षं होत होती, शनिवारी मोठा जलसा होता, आणि समुद्राच्या हवेत चारही तानपुऱ्यांचे आवाज बसले होते. त्या म्हणाल्या, “दस्तगीरभाई, तुम्ही आला नाहीत तर मला तानपुऱ्याच्या विजेच्या डबीवर गावं लागेल. तेवढी वेळ माझ्यावर आणू नका.”

घरात पासपोर्ट तिघांकडेच होते. दोन वर्षांपूर्वी आम्ही मक्केला, उमऱ्याला गेलो होतो म्हणून. अब्बांचा हात गळ्यात बांधलेला. अम्मीला जवारीतलं काही कळत नव्हतं. राहिले मी.

“हिला जवारी कुठं येते?” मेहबूबचाचा म्हणाले. अब्बांचे हे धाकटे भाऊ, कारखान्याचा बाहेरचा व्यवहार बघायचे. अब्बांनंतर जवारीच्या पाटावर त्यांचा मुलगा साजिद बसणार हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि घरात कुणी त्याला नाही म्हटलं नव्हतं.

“येते मला,” मी म्हटलं.

हे अर्धं खरं होतं. बाराव्या वर्षापासून मी पडवीत बसून तानपुऱ्यांच्या दांड्या खरडायची, पॉलिश करायची, तारा चढवायची. जवारी मुलींना शिकवत नसत. मुलगी दुसऱ्या घरी जाणार आणि विद्या घेऊन जाणार, असं सगळे म्हणत. दुपारी पुरुषमाणसं नमाजाला गेली की मी टाकून दिलेल्या घोड्या कोपऱ्यातून काढायची आणि त्यांच्यावर हात चालवायची. माझं मला कळत होतं की मला येतं. फक्त एखाद्या चांगल्या तानपुऱ्यावर करून बघितलं नव्हतं.

अब्बा माझ्याकडे वळले. मला म्हणाले, “पेटी आण.”

अब्बांची हिरवी पत्र्याची पेटी उचलायला दोन माणसं लागत. तिच्याशिवाय ते कामासाठी गावाबाहेर कधी गेले नव्हते. पण शाळेनं घाईत काढलेलं तिकीट फक्त हातातल्या बॅगेचं होतं. सात किलो, त्याच्या वर काही नाही.

“सात किलोत काय नेणार?” चाचा म्हणाले. “नुसते हात?”

अब्बांनी मला पेटीतलं एकेक हत्यार चटईवर मांडायला लावलं. साठ-पासष्ट तरी नग असतील. मग विचारलं, “यातलं काय नेशील?”

मी भराभर उचलायला लागले. त्यांनी डाव्या हातानं एकेक परत चटईवर ठेवलं.

“रंधा कशाला? तिथं दारं-खिडक्या करायच्यात?”

“भोपळा उकलला असेल तर...”

“असेल तर त्या सांगतील. हातोडी?”

“असू दे म्हटलं.”

“असू दे म्हणूनच पेटी भरते, नफी. मी तीस वर्षं हेच केलं. यातल्या अर्ध्या वस्तूंना प्रवासात हातसुद्धा लागला नाही.”

शेवटी राहिल्या दोन कानशी, एक जाड आणि एक बारीक. तारांची पुडकी, सुती दोऱ्याचं रीळ, पॉलिश पेपर, जादा म्हणून दोन कोऱ्या घोड्या. कपड्यांचे जोड दोन, एक अंगावर आणि एक बॅगेत. “रोज एक धुवायचा,” अब्बा म्हणाले. अम्मी आत निघून गेली, ती बहुतेक तेव्हाच चटणी बांधायला.

मुंबईच्या विमानतळावर माझ्या पुढे एक कुटुंब होतं, त्यांच्या ढकलगाडीवर माझ्या उंचीएवढ्या बॅगा. मी त्यांच्या बाजूनं खांद्यावर बॅग टाकून सुळकन निघून गेले आणि मनाशी म्हटलं, जग फिरायचं तर असं. तो तोरा तपासणीच्या पट्ट्यापर्यंत टिकला.

वर्दीतल्या बाईंनी बॅग बाजूला घेतली. “ये क्या है?”

“हत्यार है,” मी म्हटलं.

आमच्याकडे सुताराच्या पटाशीला हत्यार म्हणतात, न्हाव्याच्या वस्तऱ्यालाही हत्यारच म्हणतात. हिंदीत त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला आजूबाजूची चार माणसं एकदम वळली तेव्हा उमगलं. मग दहा मिनिटं मी तानपुरा म्हणजे काय, घोडी म्हणजे काय, हे हातवारे करून सांगत होते. बाई भल्या होत्या. शेवटी हसल्यासुद्धा. पण कानशी आत जाऊ देईनात.

“वापस जाके सामान में डलवा दो.”

मी धावत परत गेले. काउंटर बंद झाला होता. विमानाला पस्तीस मिनिटं होती. मी पुन्हा तपासणीपाशी आले आणि दोन्ही कानशी त्यांच्या प्लास्टिकच्या टोपात ठेवल्या. तिथं नेलकटर, कात्र्या, कुणाचा तरी स्क्रूड्रायव्हर पडला होता. अब्बांची बारीक कानस माझ्या वयापेक्षा जुनी होती.

अब्बांना फोन करावा असं वाटलं. केला नाही. करून काय होणार होतं? ते तिथं बसून नुसते तळमळले असते. विमानात खिडकीशी बसल्यावर मी ठरवलं की कोलंबो शहर आहे, तिथं लोखंडाची दुकानं असणार, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कानशी विकत घ्यायच्या आणि कामाला बसायचं. एवढं ठरल्यावर मी झोपले.

कुसुमाजी स्वतः न्यायला आल्या होत्या. सत्तरीच्या, उंच, पांढऱ्या साडीतल्या. तरुणपणी लखनौला गाणं शिकलेल्या, त्यामुळे हिंदी सुंदर बोलायच्या. आमचं सगळं बोलणं हिंदीतच झालं, मी ते इथं आपल्या भाषेत सांगते. त्यांनी माझ्या मागे, मग माझ्या बाजूला पाहिलं.

“सामान कुठंय?”

“हेच.”

“दस्तगीरभाईंची ती हिरवी पेटी?”

“ती मिरजेत आहे. मी आलेय.”

त्यांना ते कितपत पटलं कोण जाणे. गाडीत बसल्यावर मी कानशींचं सांगितलं. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, “उद्या पोया आहे, बेटा. पौर्णिमा. आमच्याकडे दर पौर्णिमेला सुट्टी असते. आमच्या भागातलं लोखंडाचं एकही दुकान उघडणार नाही.”

“परवा?”

“परवा शनिवार. संध्याकाळी सहाला कार्यक्रम.”

शुक्रवारी सकाळी मी शाळेच्या मोठ्या खोलीत चारही तानपुरे आडवे ठेवले आणि एकेक वाजवून पाहिला. तारांनी घोड्यांवर खाचा पाडल्या होत्या. आवाज असा, की डब्याला दोरी बांधून छेडावी. नुसता तारेखालचा दोरा सरकवून भागेल ही आशा दोन मिनिटांत संपली. घासायला तर हवंच होतं. पॉलिश पेपर अशा खाचांपुढे काय टिकणार?

कुसुमाजी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांची विद्यार्थिनी दिलिनी शेजारी उभी. स्वयंपाकघरातली सुरी, नखं घासायची पट्टी, असं काहीबाही तिनं ताटात मांडून आणलं होतं. मी ते ताट बघत होते आणि माझी नजर खिडकीतून मागच्या पडवीत गेली. तिथं वादळात फुटलेली तावदानं भिंतीला टेकवून ठेवली होती.

“मला ती काच हवी,” मी म्हटलं.

“काच?” दिलिनी म्हणाली.

आमच्याकडे दांडीला पॉलिश करायच्या आधी ती काचेच्या ताज्या धारेनं खरडतात. लाकडाचा कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा निघतो. कारखान्यात हे काम कुणाला आवडत नाही, बोटं कापतात, म्हणून ते बारा वर्षं माझ्याकडे होतं. दांडीवर काच चालते, मग घोडीवर का नाही? दोन्ही लाकूडच. एवढाच माझा हिशोब होता.

मी जाड फडक्यात तावदान धरून तोडलं, सरळ धारेचा तुकडा निवडला, पहिल्या तानपुऱ्याच्या तारा सैल करून बाजूला सारल्या आणि घोडीवर काच लावली.

पहिली घोडी मी घालवली. दांडीवरची सवय नडली. हात लांब ओढ घेत गेला आणि पाठीचा बाक पार सपाट झाला. तारा चढवून छेडल्या तर खाचांमुळे निदान खरखर तरी होती, आता काहीच नव्हतं. तार मुकी.

मान वर करायची मला भीती वाटली. एक तानपुरा मी होता त्याहून वाईट केला होता, तेही मालकिणीच्या डोळ्यांदेखत.

“चहा घेतेस?” कुसुमाजी म्हणाल्या. एवढंच.

“नंतर.”

बॅगेतून दोन कोऱ्या घोड्यांपैकी एक काढली. या वेळी काच आखूड धरली, अंगठ्याच्या नखाएवढी ओढ. चार वेळा खरडायचं, तार टेकवायची, ऐकायचं. पुन्हा चार वेळा. धार बोथट झाली की नवा तुकडा. कानस एका घासात जेवढं काढते तेवढं काढायला काचेला दहा घास लागत होते. पण त्या दहा घासांत लाकूड काय म्हणतंय ते बोटाला कळत होतं. कानशीवर मला असं कधी कळलं नव्हतं.

बारा वाजून गेले. मी चारही तारा चढवल्या, पंचम लावला, जोड लावली, खर्ज लावला. तारांखाली दोरा घातला आणि केसभर पुढे ओढला.

खोली भरली. खर्जाची तार छेडून सोडली की तिच्या पोटातून गंधार वर येत होता, कुणी न छेडता, स्पष्ट. मी पुन्हा छेडली. पुन्हा आला.

कुसुमाजी डोळे मिटून बसल्या होत्या. बराच वेळ ऐकून त्यांनी डोळे उघडले.

“हा दस्तगीरभाईंचा आवाज नाही.”

मी तारांवरचा हात काढला.

“मी अकरा वर्षं त्यांचा आवाज ऐकतेय. तो जाड, गोल. हा वेगळा आहे.”

“अब्बांना ऐकवते,” मी म्हटलं आणि फोन लावला. चाचांनी उचलला, अब्बांना दिला. मी फोन भोपळ्याशी धरला आणि दुसऱ्या हातानं तारा छेडल्या. मग कानाशी नेला.

“फोनवर कधी जवारी कळते का?” अब्बा म्हणाले. “तुला काय वाटतं?”

असा प्रश्न त्यांनी मला उभ्या जन्मात विचारला नव्हता. कसला बाक, किती घास, कुठली तार, हे सगळं ते ठरवत आणि आम्ही करत असू.

“गंधार बोलतोय,” मी म्हटलं.

“आपोआप?”

“आपोआप. पण अब्बा, तुमच्यासारखा नाही आलाय. आणि कानशी मुंबईतच काढून घेतल्या. दोन्ही.”

पलीकडे कुणीतरी खुंटी ठोकत होतं, तेवढं ऐकू आलं.

“मग केलीस कशानं?”

“काचेनं.”

“काचेनं,” त्यांनी तो शब्द सावकाश म्हटला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तीन वर्षं त्या टाकाऊ घोड्या तुझ्यासाठीच कोपऱ्यात ठेवतोय. माझ्या पाटावरून टाकाऊ माल एरवी चुलीत जातो, हे तुला ठाऊक नाही? तुझा हात मी बघितलाय. आता मला विचारू नकोस. गाणाऱ्या बाईंना विचार.” आणि फोन ठेवला.

मी कुसुमाजींकडे वळले. त्या खुर्चीवरून उठून खाली सतरंजीवर येऊन बसल्या होत्या. त्यांनी तानपुरा माझ्या हातून घेतला नाही. मलाच छेडायला सांगितलं आणि गायला लागल्या. वयानं त्यांचा आवाज बारीक झाला होता. वरच्या षड्जाला तो किंचित कापायचा. पण तानपुऱ्यातला तो पातळ, लांब गुंजारव त्याच्या बाजूनं असा चालला की कापणं झाकून गेलं. अर्धा तास त्या थांबल्या नाहीत. मी नुसती चार तारांची कामगार.

“जाड आवाज मला आता पेलत नव्हता,” संपल्यावर त्या म्हणाल्या. “बाकीच्या तिघांनाही हाच दे.”

“देते,” मी म्हटलं. “आता चहा घेईन.”

शनिवारी सकाळी दिलिनी धावतपळत आली. दुकानं उघडली होती आणि तिनं एक कोरी, चकचकीत कानस आणली होती. मी तिला धन्यवाद दिले आणि ती बाजूला ठेवली. चारही तानपुऱ्यांचा आवाज एका घरातला हवा होता. उरलेल्या तिन्ही घोड्या जुन्याच, त्यांच्या खाचा काचेनं काढल्या, दुसऱ्या कोऱ्या घोडीची गरजही पडली नाही. चार वाजता शेवटची तार चढली तेव्हा माझ्या तीन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

कपड्यांची मात्र फजिती झाली. अंगावरचा जोड भुशानं माखलेला, धुतलेला जोड त्या दमट हवेत अजून ओलाच. दोनच्या जागी तीन जोड असते तर, असं मी त्या प्रवासात एवढं एकदाच म्हणाले. कुसुमाजींनी स्वतःची निळी साडी दिली आणि त्यांच्या पद्धतीनं नेसवून दिली. मी पहिल्या रांगेत बसले. सगळे लोक कुसुमाजींकडे बघत होते. मी एकटी त्यांच्या मागे बघत होते, चार मुलींच्या मांडीवरच्या चार तानपुऱ्यांकडे. दोन तासांत एकही उतरला नाही.

मिरजेला परतले तेव्हा चाचा दारातच होते. “कानशी घालवून आलीस म्हणे.”

“हो,” मी म्हटलं आणि बॅग खुंटीला अडकवली. त्यावर ते आणखी बरंच बोलले. मला भूक लागली होती, मी जेवायला बसले.

त्यानंतर मी त्याच बॅगेतून पुष्कळ गावं केली. काठमांडू, ढाका, एकदा लंडनसुद्धा. कारखान्यातली मुलं विचारतात, एवढ्याशा बॅगेत भागतं कसं? मी सांगते, तिकडे काच मिळते. त्यांना वाटतं मी थट्टा करते.

पण माझं आयुष्य वळलं ते त्या विमानात किंवा त्या जलशात नव्हे, असं आता इतक्या वर्षांनी मला वाटतं. ते वळलं त्यानंतर दोन महिन्यांनी, एका साध्या मंगळवारी. अब्बांचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी सगळी कामं करायला परवानगी दिली होती, आणि सकाळपासून ते त्याच हातानं भोपळे उतरवून घेत होते. विजापूरचे कट्टीमास्तर आपला जुना तानपुरा घेऊन आले. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. साजिद आणि चाचा आतल्या खोलीत पार्सल बांधत होते.

“दस्तगीरभाई, हात बरा झाला ऐकलं म्हणून लगेच आलो,” मास्तर म्हणाले. “जवारी पार गेलीय बघा.”

“अगदी बरा झालाय,” अब्बांनी मनगट गोल फिरवून दाखवलं. “पण जवारी आता ती करते.”

मास्तर हसले. त्यांना वाटलं गंमत आहे. “म्हणजे तुमच्या देखरेखीखाली ना?”

“नाही. मी चाललोय नमाजाला.” अब्बांनी टोपी घातली. आतल्या खोलीतला पार्सलच्या कागदांचा आवाज थांबला होता. चाचा उंबऱ्यात येऊन उभे राहिले, पण अब्बांनी तिकडे पाहिलं नाही. “मास्तर, आवाज माझ्यासारखा येणार नाही, हे आधीच सांगतो. तिचा येईल. चालणार असेल तर ठेवा, नाहीतर परत न्या. मला वाईट वाटणार नाही.”

आणि ते खरोखरच पायऱ्या उतरून गेले.

कट्टीमास्तर तानपुरा छातीशी धरून उभे. माझ्याकडे बघितलं, चाचांकडे बघितलं, रस्त्यावर लांब जाणाऱ्या अब्बांकडे बघितलं. मी पाटावर जाऊन बसले, मांडीवर फडकं पसरलं आणि हात पुढे केले. त्यांनी वेळ घेतला. मग गवसणीच्या नाड्या सोडल्या आणि तानपुरा माझ्या हातात दिला.